टाच

वादिम एप्रिलात गेला, तीन महिन्यांचं भाडं थकवून.
मोरजीतल्या आमच्या मागच्या खोलीत सापडल्या
दोन लांब फळ्या, एक तवा
आणि रशियन भाषेतली चिठ्ठी, जी अजून कुणी वाचलेली नाही.
शाणू म्हणाला, कोंबड्यांच्या खुराड्याला चालतील.
मी फोनवर ओरडले, हात लावू नकोस, त्या स्की आहेत.

चवथीला घरी आले तेव्हा
नारळांच्या राशीमागे उभ्या होत्या.
कडांना खाऱ्या वाऱ्याचा गंज, पाठीवर बुजवलेली भोकं.
बूट धरणारी पकड तेवढी नव्हती. ती काढून नेली त्याने.
पळणारा माणूस काय मागे ठेवतो
आणि काय पिशवीत घालतो, ते बघावं.

गुलमर्गच्या हॉटेलात मी रिसेप्शनला, हा चौथा हिवाळा.
सुटीचे दिवस वहीत मांडलेत:
गोंडोलाने वर जाऊन घसरले, एकतीस.
पायी चढले, चार.
त्यातल्या एकदा तर अर्ध्या वाटेतून परतलो, चहा पिऊन.
म्हणजे हिशेब सोपा असायला हवा होता.

जाड पकड: बूट ठेव, टाच दाब, खट्,
आणि संध्याकाळपर्यंत विसरून जा.
पण चढावर ती टाच उचलूच देत नाही.
सुयांची पकड: बुटाच्या नाकाला दोन बाजूंनी दोन टोकं,
एका पायाला जेमतेम तीनशे ग्रॅम,
म्हणजे म्हापशाच्या बाजारातले दोन बांगडे.
मुदस्सिर म्हणतो, चढायला जन्नत,
पण हजार जणांनी तुडवून कडक केलेल्या उतारावर
दात वाजावेत तशी वाजते,
आणि पडताना सोडेल की नाही, याची खात्री तो देत नाही.
तिसरी दोन्ही करते. चढताना सुया, उतरताना जबडा.
किंमत माझा दीड पगार.
शिवाय बर्फ साचला की खटका अडतो,
हेही तोच सांगतो, तिच्यावर उभा राहून.

रात्री बाबा ओसरीवर माट्टुट्या आणि तोरिंगां निवडत होते.
सव्वीस वर्षं रेंदेर. रोज दोनदा चाळीस माड,
कमरेला कोयती, पायांत काथ्याचं वेढं.
मी त्यांना चित्रं दाखवली, मोठी करून.
त्यांनी चष्मा वर सारला.
टाच मोकळी केन्ना?
चढताना.
बांदपाची?
उतरताना.
आनी सुटपाची?
पडताना.
मग तें पयलीं पळय, म्हणाले, आणि घोट्यावरून हात फिरवला.

जमीन पुरुषभर उरली होती त्या दिवशी.
वेढं खाचेत अडकलं, तुटलं नाही.
चांगला दोर होता, ते अजून सांगतात,
स्वतः वळलेला.

वजन चोपन्न किलो, वय एकोणतीस,
बुटाचा तळ दोनशे पंच्याण्णव मिलिमीटर, कौशल्य मध्यम.
तक्त्यातून आकडा निघतो, साडेचार.
एवढ्या ओढीला ती मला सोडून देईल.
आयुष्यात आणखी कुणी असा आकडा
आधीच ठरवून दिलेला नाही.

जाड पकड मागवली. पत्ता गुलमर्गचा.
भोकं मुदस्सिर पाडेल, त्याच्याकडे साचा आहे,
पारश्याच्या सुताराच्या हाती मी त्या फळ्या देणार नाही.
चार दिवसांसाठी भाड्याने घेईन, म्हटलं,
आणि म्हणताना तेच चार दिवस आठवत राहिले:
अफरवाटच्या पाठीमागे, यंत्राचा आवाज संपल्यावर,
टाच उचलायची, ठेवायची,
उचलायची,
आणि आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा इतकी शांतता.
आत्ता पैसे भरून झाले होते.

माटोळीला दोर कमी पडला.
शाणू शेजारी मागायला निघाला.
बाबा उठले, लंगडत आत गेले,
खुंटीवरचं वेढं काढून आणलं,
त्याची गाठ दातांनी सोडवली
आणि दोर त्याच्या हातात दिला.