अकरातून बारा

कायतान फुर्तादोनं डबा टेबलावर आपटला,
"प्रभाबाय, मासळी दिसली काय हें मरता."
म्हणजे फिशफाइंडर खाली आवाज सोडतो
आणि सोडता सोडताच पडदा काळा.
पुन्हा उजळतो, कंपनीचं नाव दाखवतो,
पुन्हा सोडतो, पुन्हा काळा.
रात्रभर समुद्रात एक डोळा नुसता मिचकावत.

असोळण्यात, पुलाच्या अलीकडे, माझं दुकान.
चोवीसचे बारा करणारी ती पेटी उघडली.
आत मिठाचा वास, झुरळाचा एक पाय.
मीटर लावला, बारा.
अर्धा तास लावून ठेवला, बारा.
मीटर सभ्य गृहस्थ. सरासरी सांगतो,
मधल्या क्षणांबद्दल बोलत नाही.

मग स्कोप.
कपॅसिटर बदलला, म्हातारा झाला होता,
वरून गुटगुटीत, आतून सुकलेला.
कॉइलला बोट लावलं तर कोमट,
दुपारी झाकून ठेवलेल्या पेजेसारखी.
खोटा भार जोडला, काढला, जोडला.
रेघ सपाट. भरतीच्या टोकाला साळ नदी
क्षणभर कुठेच जात नाही, तशी.
डबा निर्दोष. कपॅसिटरचे चाळीस रुपये.
तिसऱ्या रात्री फोन,
"परत मेलें."

कुटबणच्या जेटीवर मी गेले ती स्कोप पोटाशी धरून.
बर्फ फुटत होता, डिझेलची तवंग पाण्यावर,
खलाशी ओडियात कुणाची तरी टिंगल करत जाळं शिवत होते.
केबिनमध्ये गुडघ्यांवर बसले
आणि या वेळी बाराकडे पाहिलंच नाही.
आत काय येतं ते पाहिलं.

यायला हवेत चोवीस.
आवाज सुटला, एकोणीस.
डब्याला शिकवलंय एकच, बारा म्हणजे बारा.
कमी आलं तर जास्त ओढ.
वाढवली त्यानं ड्यूटी.
जास्त ओढलं म्हणून वाटेत जास्त अडलं,
अडलं म्हणून आणखी कमी आलं,
कमी आलं म्हणून आणखी ओढलं,
सतरा, चौदा,
अकरा.
अकरातून बारा काढणार कुठून?
उतरवायला शिकलेला तो, चढवायला नाही.
आणि मी त्याचंच पोट फाडून बसले होते तीन दिवस.

तार बोटांत धरून मागे मागे गेले,
सुकाणूच्या खाली, लाइफ जॅकेटांच्या मागून,
टाकीला वळसा घालून इंजिनच्या शिडीपर्यंत.
तिथे टेपचा एक गोळा.
पिवळा.

असोळण्यापासून बेतुलपर्यंत सगळे काळी टेप लावतात.
पिवळी एकदाच लागली होती,
चार वर्षांमागे, बंदी उठायच्या आदल्या संध्याकाळी,
काळी संपलेली, झाळायला वीज नाही,
कायतान डोक्यावर उभा, पहाटे निघायचं.
"आज चलता, मागीर करुंया."
हे तो म्हणाला होता की मी,
आठवत नाही. गाठ मात्र माझ्या हातची,
डावीकडून पिळलेली, मी डावरी.

टेप सोलली. तांब्यावर शेवाळासारखं हिरवं,
सात पेडांतले दोन शाबूत.
तेवढ्यावर दिवा पेटतो, रेडिओ बोलतो,
मीटर बारा म्हणतो.

जाड तार ओढली, या वेळी टोकं दाबून, झाळून,
आणि वर काळी टेप.
कायताननं बटण दाबलं. आवाज खाली गेला,
पडदा जागा राहिला. तळ दिसला,
जेटीचाच, अडीच मीटर, चिखल,
कोपऱ्यात कुणाचं तरी बुडालेलं टायर असावं.
तो हसला. "कितें आसलें?"
"मीठ," मी म्हणाले.
अगदीच खोटं नव्हतं.

तारेचे पैसे घेतले नाहीत.
बांगडे दिले, ते घेतले.
पुलावर स्कूटर थांबवून किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला
तर पिवळी टेप तिला चिकटून वर आली,
चार वर्षं झाली तरी
तिचा गोंद अजून धरत होता.