सांगता येत नाही

तीन बटणं आहेत: मगर, ओंडका, सांगता येत नाही.
एका फोटोचे चाळीस पैसे,
दर शुक्रवारी थेट खात्यात.
शेजारची हेत्वी प्राणिशास्त्र शिकते, तिनंच लावून दिलं हे काम.
म्हणाली, काकी, बहु विचार नहीं करवानो,
बघायचं आणि दाबायचं.

ड्रोन सकाळी दहाला निघतं विश्वामित्रीवरून,
कमाटीबागेपासून वडसरपर्यंत,
आणि दुपारी भांडी आवरून मी ती नदी वरून बघते
जिच्या पुलांवरून तीस वर्षं नाक दाबून गेले.

यंत्राला अजून मगर कळत नाही.
फाटका टायर त्याला मगर वाटतो,
विसर्जनाचा पाट मगर वाटतो,
आणि खरी मगर, अंगावर चिखल वाळवत पडलेली,
त्याला नुसता चिखल वाटते.
मी सांगते, ते शिकतं.
हेत्वी म्हणते, पाठीवरच्या खवल्यांची रांग
प्रत्येकीची वेगळी; वर्षभरात
यंत्र एकेकीला नावानं ओळखेल.
कसलं नाव, मी विचारलं.
नंबर, ती म्हणाली.

मला बारा नंबर आत्ताच ओळखता येते.
शेपटीचं टोक नाही तिला.
पुलाच्या अलीकडे, एरंडाच्या झाडोऱ्यापाशी
तासन्‌तास तोंड उघडं टाकून पडते.
मला वाटायचं, जांभई.
तर नाही, अंगातली उष्णता बाहेर सोडते म्हणे.

मंगळवारी, फोटो दोन हजार एकशे सहा.
बारा नंबर जागेवर.
तिच्यापासून सात-आठ हात वर, काठावर,
एक टक्कल.
जुन्या रुपयाएवढं, डावीकडे जरा सरकलेलं.
शेजारी निळी पिशवी,
पडद्याच्या उरलेल्या कापडाची,
जिचा एक बंद मी शिवताना आखूड झाला होता.
डबा उघडा.
वेळ दहा बावीस.

दहा बावीसला हेरंब मकरपुऱ्यात असतो.
पॅकिंगला, एकोणीस वर्षं.
हल्ली तर जास्तच बोलतो कामाबद्दल;
काल रात्रीच म्हणाला, नव्या मशीनला
लेबल सरळ चिकटवता येत नाही,
शेवटी आम्हीच लागतो.

मागचे फोटो उघडून बघितले. नियमात बसत नाही ते.
सोमवारी आहे. शनिवारी आहे.
एकोणीस एप्रिललाही आहे, हातात अर्धी पोळी,
तोंड बारा नंबरकडे.
दोघंही हलत नाहीत.
मग एक तारखेला आले ते पैसे कुठले?

माणूस दिसला तर काय दाबायचं
ते सूचनांमध्ये नाही.
पडद्यावर अक्षरं आली:
आपला नेहमीचा वेग चार सेकंद.
या फोटोला अकरा मिनिटं झाली.
आपण अजून तिथे आहात का?

आहे, बाबा.
मी तिसरं बटण दाबलं.

साडेसहाला तो आला.
चपलांचा चिखल पायरीवर झटकला, रोजच्यासारखा.
आज फार लोड होता, म्हणाला.
डबा घासायला घेतला तर झाकणाच्या खाचेत
एरंडाची एक बी.

शेव-उसळ केली होती. वाढता वाढता म्हटलं,
हेत्वी सांगत होती, नदीकाठी मगरीनं अंडी पुरलीत,
पुलाच्या अलीकडे,
वरून माती उकरलेली दिसते.
पिल्लं अंड्यातूनच हाका मारतात म्हणे,
मग ती कुणाचं ऐकत नाही.
जूनपर्यंत त्या बाजूला कुणी बसत असेल
तर पंधरा हात लांब बसलेलं बरं.

त्याचा घास थांबला.
पाणी प्यायला. भांडं नीट खाली ठेवलं.
"पंधरा?"

"वीस," मी म्हटलं. "उसळ घे अजून."