कैफ

सकाळी सातला इब्तिसाम विचारते, "कैफ हालिक?"
आणि दोन वर्षं झाली तरी मी क्षणभर अडखळते.
माझ्या भाषेत कैफ चढतो, उतरतो,
विचारपूस करत नाही.

शारजा. खोरच्या धक्क्यामागे तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
ट्रेमध्ये चाळीस बाटल्या, अजून कोमट:
धक्क्यावरच्या क्रेनवाल्यांची लघवी.
पट्टीवर रेघ उमटली तर माणूस स्वच्छ,
नाही उमटली तर नोकरी गेली, कधी कधी बरंच काही.
उलटा हिशेब.
नवशिक्यांना दोनदा सांगावा लागतो.

आज सतरा नंबरला रेघ नाही.
दस्तगीर हमदुले, वय एकोणतीस, गाव हर्णै.

मी मराठीत बोलले तसा तो बसायचा राहिला.
"ताय, लाडू खाल्ले. बहीण बाळंत झाली,
मावशीनं पाठवले कुणाच्या तरी हाती.
खसखस होती त्यात, मला काय माहीत.
रातपाळी होती. सहा खाल्ले."

खसखस.
इथे तिचा दाणासुद्धा गुन्हा,
आणि आमच्याकडे पाट्यावर वाटून रश्श्यात.

बोंडाला चिरा पाडल्या की पांढरा चीक येतो,
तोच थोडा दाण्यांच्या अंगाला चिकटून राहतो.
त्या झुडपाने माणूस कधी मनात धरला नसेल,
तरी त्याच्या चिकात आमच्या कुलपाची किल्ली.
देह ही किल्ली घरच्या घरी घडवतो, चिमूटभर,
कळा सोसताना, पोटभर रडून झाल्यावर.
बाहेरून आयती येऊ लागली
की आतला लोहार भाता विझवून निघून जातो.
त्याला परत बोलवायला लागणारे दिवस
मी शेजारच्या वॉर्डात ऐकलेत. भिंत पातळ आहे.

मलाही दिली होती म्हणे, मोहरीएवढी बाळगोळी.
आई चिखलात वाकलेली, मी बांधावर टोपलीत गप्प.
गुणाची पोर, म्हणायचे सगळे.
त्याच्याही आधी माळव्यातून पेट्या यायच्या,
मुंबईच्या गोदीतून चीनकडे जायच्या.
त्या पैशांत शेटजींनी धर्मशाळा बांधल्या, दवाखाने बांधले.
कोनशिलेवर देवाचं नाव आहे, आईवडिलांचं आहे,
अफूचं नाही.

आणि शब्द इथून तिकडे आले, खजुराच्या गलबतांतून असतील.
कैफ. अंमल. तलफ.
तलफ म्हणजे नासाडी, इब्तिसाम सांगते,
आणि अमल म्हणजे काम, नुसतं काम.
आम्ही कामाचं राज्य केलं,
राज्याची धुंदी केली,
आणि नासाडीला म्हटलं, जरा चहा टाक, तलफ आली.

सतरा नंबर मोठ्या यंत्रात घातला.
पडद्यावर मॉर्फिनचा सुळका आला,
मी थेबाइनची वाट बघत बसले.
खसखशीत ते सापडतं, हेरॉइनच्या पुडीत नाही.
पिपेट धरलेला हात दहा वाजल्यापासून थरथरत होता.
एसीमुळे असेल.

आली. बुटकी, सड्यावरच्या टेकाडाएवढी.
लाडू खरा होता.
अहवालावर सही करताना माझं अक्षर वाकडं आलं.
दस्तगीरने फोनवर काहीच म्हटलं नाही,
मागे क्रेनचा भोंगा तेवढा वाजत होता.

मग मी बाथरूमची कडी लावली.
पर्समधली डबी, वर लिहिलंय शिकेकाई.
आत आईने तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू.
"दात घासायला," ती अजून म्हणते.
मी दिवसातून पाच वेळा दात घासते.

आमच्या पट्टीवर निकोटीनचा रकाना नाही.
हिरडीवरून बोट फिरलं, हात थांबला,
बाहेर नळाशी इब्तिसाम उभी,
"कैफ हालिक?"

तोंड भरलेलं.
मी आतूनच दारावर दोनदा टकटक करते.