एक टक्का

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या आत,
जिथे रिक्षावाला "पुढे रस्ता नाय" म्हणून उतरवतो,
तिथे पत्र्याच्या कुंपणामागे माझं घर आहे.
म्हणजे, होणार आहे.
सध्या सातवा स्लॅब, त्यावर उभ्या सळया,
आणि सळयांच्या वर नऊ मजल्यांची हवा.
त्या हवेच्या शेंड्याला
माझा ओटा, माझी मोरी,
खिडकीत येऊरचा डोंगर.

हवेवर पाच टक्के जीएसटी.

"हवेवर नाही हो, बांधकामावर,"
नौपाड्यातले घाणेकर म्हणाले.
"भोगवटा दाखला आल्यावर घेतलंत तर हा कर नाही.
पण तेव्हाचा भाव तुम्हाला झेपला नसता."
त्यांच्या ऑफिसातला पंखा
फायली उडतील म्हणून दबकत फिरतो.
मी वहीत लिहून घेत होते:
जोतं, पहिला स्लॅब, चौथा स्लॅब,
दर टप्प्याला मागणीपत्र
आणि दर मागणीपत्राला तेच शेपूट.

"आणि हा एक टक्का तुम्ही कापायचा.
बिल्डरच्या प्रत्येक हप्त्यातून.
कापायचा आणि सरकारकडे भरायचा.
उशीर झाला तर दिवसाला दोनशे."

मी?
मला आजवर कापणारेच भेटले.

मी लॅबमध्ये रक्त काढते, सकाळी सातपासून.
दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते,
गाव कुठलं, नाश्ता नाही ना केला, असं विचारत राहते,
तोवर काम झालेलं असतं.
त्या रात्री फॉर्म भरायला बसले,
बिल्डरचा पॅन नंबर टाकला,
आणि सवयीने तोंडातून गेलं,
"मूठ आवळा."
दिगंबर इतका हसला की पोर जागी झाली.

मुद्रांक शुल्काचं मात्र वेगळंच.
पुरुषाचं नाव असलं तर सात टक्के,
नुसत्या बाईचं असलं तर सहा.
(त्यातही एक मेट्रोचा,
जिचे खांब आमच्या आधी उभे राहिले.)
दिगंबरने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.
अठ्ठ्याहत्तर हजारांचा फरक.
"मग माझं नाव काढ," म्हणाला,
पिशवी जड होते म्हणून
एक नारळ बाजूला ठेवावा, तसं.
घाणेकरांनी चष्म्यावरून पाहिलं:
"साहेब, व्याजाची सवलत मग तुम्हाला मिळणार नाही."
"झेरॉक्सच्या दुकानावर कसला आयकर, काका?"

आईने कोचऱ्याच्या घराची घरपट्टी
पस्तीस वर्षं स्वतः चालत जाऊन भरली.
पावती आधी बाबांच्या नावाची,
मग दादाच्या.
ती पावत्या डब्यात ठेवायची, तांदळाच्या डब्यात,
कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून.

निबंधक कार्यालयात अंगठा ठेवला,
कॅमेऱ्यात बघितलं.
कारकून म्हणाला, "खरेदीदार एकट्याच?"
मी हो म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने.
दिगंबरने साक्षीदाराच्या रकान्यात सही केली,
वळणदार,
आमच्या लग्नाच्या दाखल्यावर सुद्धा
त्याने इतकी नीट केली नव्हती.

परवा हिशेब जुळवताना दिसलं,
बिल्डरकडून शेवटपर्यंत मी जेवढं कापणार,
तेही अठ्ठ्याहत्तर हजारच.
आकडा तोच.
एकदा माझ्या हातून जायचा,
एकदा माझं नाव घेऊन आलेला.
प्रेमाने दिलं असतं घर तर काय वाटलं असतं,
कळायला मार्ग नाही.
काटकसरीने दिलं.
मला चालतं.

राबोडीच्या भाड्याच्या खोलीत काल टपाल आलं.
पाकिटावर फक्त
श्रीमती हेमांगी दिगंबर कोचरेकर.
दिगंबरने ते फोडलं नाही.
"मॅडम, तुमचं," म्हणाला आणि चहा ठेवायला गेला.
आठवा स्लॅब.
रक्कम, त्यावर पाच टक्के, भरायची तारीख.

मी मोबाईलमध्ये आठवण लावली: कापणे.
मग डोळे मिटून मोजलं.
हवा
एका मजल्याने कमी झाली होती.