सदरचं सावजी, रविवारी रात्री

टेबलाखाली मिहिका. तिसऱ्यांदा.
"वर ये, मार खाशील," मी दात आवळून म्हणते
आणि हसते, शेजारच्या टेबलासाठी.

मोबाइल पर्समध्ये. द्यायचा नाही,
घरूनच ठरवून निघालोय.
नवरा मेनूकार्ड वाचतोय पोथीसारखं,
मान वर न करता.

चमचा गेला पंख्याखालच्या आजोबांच्या पायाशी.
मीठ सांडलं. "आजकालची पोरं," कुणीतरी.

मग तिनं तर्रीत बोट बुडवलं. चाटलं.
क्षणभर अख्खं हॉटेल गप्प.
आणि भोंगा.

नत्थूभाऊ साखरेचा डबाच घेऊन धावले,
आजोबांनी खिशातून संत्रागोळी काढली,
गल्ल्यावरून हाक: "दही दे बे पोरीले!"

आता ती खुर्चीत मांडी घालून
दही ओरपतेय, पांढऱ्या मिशांसकट.
मी अजून पर्सची चेन
घट्ट धरून.