नळीच्या तोंडाशी

रबाळ्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
माझं पावडर कोटिंगचं दुकान.
खिडक्यांच्या जाळ्या, सायकलींचे सांगाडे,
दवाखान्यातले सलाइनचे स्टँड,
सगळं हुकाला लटकून भट्टीत जातं
आणि लग्नाला निघाल्यासारखं बाहेर येतं.

त्या मंगळवारी हसूराम मढवी आले.
पोलिसांत तीस वर्षं आर्मरर,
आता क्लबाच्या रेंजवर रायफलींची निगा राखतात.
आधी परवान्याचा कागद ठेवला टेबलावर,
मग पेढ्यांचा स्टीलचा डबा.
आत पोपटी गोळ्या.
बिजयनं हात पुढे केला, त्याला वाटलं खायच्या.

"शिसं आहे, ओतीव. वर तुझ्यासारखाच रंग.
सेक्रेटरी म्हणतो, रंगानं नळी झिजते.
दोन हजार आठशे बार झाले, वहीत मोजून.
तू रंगातली. तूच सांग."

मी रंगातली, खरं आहे.
माझ्याकडेही गन आहे, फवाऱ्याची,
आणि पांढरी पावडर तिचं नोझल
सहा महिन्यांत खाते, हिरवी वर्षभर घेते.
पण ती कच्ची पावडर, उडती, मोकाट.
भाजली की तिचं कातडं होतं.
कातडं कशाला पोलाद खाईल?
तरी मी नाही म्हणाले नाही.
घणसोलीच्या जुन्या विहिरीचा काठ आठवला,
दगडावर दोरीचे वळ, बोट जाईल एवढे खोल.

"दोरीनं नाही झिजला तो," हसूराम म्हणाले,
"दोरीला चिकटलेल्या वाळूनं."

रविवारी रेंजवर गेले.
पारसिकच्या पायथ्याशी, जिथं खडीच्या खाणी होत्या
आणि वारा सुटला की अजून दात करकरतात.
त्यांनी वायरच्या टोकाचा कॅमेरा नळीत सोडला,
मोबाइल माझ्या हातात दिला.

आधी मागची बाजू, जिथं बार पेटतो.
उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळलेली.
"ही आग," ते म्हणाले, "ही जुनी आहे.
रंग आला तेव्हा ह्या भेगा इथंच होत्या."
मग पिळाचे आटे, एकामागून एक,
धारदार, ओल्या मडक्याच्या आतल्यासारखे तुकतुकीत.
कुठं पोपटी डाग नाही, शिशाचा ओघळ नाही.
मी हसले. ते नाही हसले.
कॅमेरा पुढे सरकवत राहिले.

तोंडाशी आल्यावर थांबले.
एका बाजूचे आटे बोथट होते.
एकाच बाजूचे, उजवीकडे, खाली,
जसा चघळलेल्या पेन्सिलीचा कोपरा.

गोळी चहूबाजूंनी सारखी जाते.
हे मला कळलं, म्हणजे त्यांना आधीच कळलं असणार.

बारा वर्षं ही रायफल त्यांच्याच हातात.
दर संध्याकाळी, बार निघो न निघो,
पुढून सळई घालून, चिंधी गुंडाळून,
उजव्या हाताच्या जोरावर,
खाणीच्या धुळीसकट.

मला सासूबाईंचा बाळकृष्ण आठवला.
दर एकादशीला चिंचेनं घासून घासून
त्याचं नाक गेलंय, डोळेही पुसट.
पण हे काही मी बोलले नाही.

"सेक्रेटरीला काय सांगू?"
"रंगानं नाही झिजली, सांगा."
"मग कशानं, विचारेल तो."

समोर पोरं निशाणं बदलत होती.
एकाचा बार चुकला, मागच्या मातीत धूळ उडाली,
आणि ती सावकाश आमच्याकडे येत राहिली.

बुधवारी ते पुन्हा दुकानात आले, डबा न घेता.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सळई बिजयच्या हातात दिली.
"हिला रंग लाव. पांढरा नको."

मऊ कातड्यात खडा अधिक रुततो, काका,
असं तोंडाशी आलं होतं.
"दर वेळी आधी सळई पुसायची," एवढंच म्हणाले.

"पुसायचं तर मला येतं," ते म्हणाले,
आणि जाळ्यांच्या रांगेत लटकलेल्या तिच्याकडे
भट्टीचं दार लागेपर्यंत बघत उभे राहिले.