लॉट नंबर दोनशे सतरा

रेवणसिद्ध, ती डगमगणारी खुर्ची भिंतीला लाव आणि बस.
तासगावातले आजचे सौदे उरकले. खाली दोघीजणी
फरशीवर उधळलेला बेदाणा झाडून गोळा करताहेत.
चपलांना चिकटलेला गोडवा
जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येतो, तिथं थांबतो.
वर आपण. एक पंखा, दोन स्क्रीन,
आणि भिंतीतून येणारी शीतगृहाची घरघर.

आज भाषा शिकवणार नाही.
एक चूक सांगते, माझीच.

मागच्या फाल्गुनात मी पानावर भावाचा रकाना केला
आणि ज्या लॉटची बोली व्हायची होती
तिथं, रिकामं बरं दिसत नाही म्हणून,
शून्य ठेवला.
सावळजहून हौसाक्कांचा फोन:
“दोनशे सतरा माझा. हिरवा, लांब मणी, हातानं निवडल्याला.
त्याला शून्य रुपये कुणी म्हटलं, त्याचं नाव सांग.”

नाव सांगायला मला वेळ लागला.

त्या आठवड्यात भाषा बदलली.
हिच्यात ‘नाही’ला स्वतःचं दार आहे.
‘एवढा भाव’ किंवा ‘अजून नाही’:
दोन्ही दारं उघडून बघितल्याशिवाय
कंपायलर पुढं सोडत नाही.
एक विसरलास तर ओळ नंबर सांगून परत बोलावतो.
त्याच्यावर चिडू नकोस.
हौसाक्कांच्या आधी तो भेटलेला बरा.

बाकीचं भूपालअण्णा मगदुमांकडून शिकले,
ज्यांना अजून माऊस धरवत नाही.
पंधरा किलोची पेटी चौदा भरली
तर अण्णा पंधरा पुसत नाहीत.
खाली नवी ओळ: वजा एक. तारीख. सही.
जुनं जसंच्या तसं.
मी म्हटलं, अण्णा, याला आमच्यात मोठं इंग्रजी नाव आहे.
म्हणाले, आमच्यात अब्रू म्हणतात.

तर वही एकच ठेव.
बटणाला परस्पर आकडे फिरवू देऊ नकोस,
बटण म्हणजे निरोप्या पोरगा, त्यानं फक्त चिठ्ठी आणायची:
‘काळा माल लपवा’, ‘भावानं लावा’.
चिठ्ठ्या एकाच टेबलावर. तिथं बसलेलं फंक्शन
जुनी वही घेतं, चिठ्ठी वाचतं,
नवी वही पुढं सरकवतं.
पान त्या वहीकडं बघून रंगतं, स्वतःचं काही आठवत नाही.
(मला हे पटायला दोन महिने लागले. तू रात्रभर घे.)

फंक्शन तोलकाट्यासारखं लिही.
तीच पेटी, तेच वजन, सकाळी ठेव की दिवेलागणीला.
काट्यानं मधेच उठून
बाजारात चौकशी करत हिंडायचं नसतं.
सर्व्हरला विचारणं, घड्याळ बघणं
ही फाटकावरची कामं. फाटकावरच राहू देत.

आणि किलो, रुपये दोन्ही आकडेच, खरं,
पण त्यांना वेगवेगळे सदरे घाल,
नाहीतर एखाद्या रविवारी तू
पेट्यांत हमाली मिळवशील आणि बेरीज हसून येईल.

फाईल लांब झाली म्हणून लगेच फोडू नकोस.
आठशे ओळींना मीही घाबरले होते,
सोळा तुकडे केले, मग
एका तुकड्याची खबर दुसऱ्याला पोचवत
अख्खी दिवाळी गेली.

आता दोनशे चाळीसपुढं ‘बोली बाकी’ लिहून येतं.
मी खूश होते. काल हौसाक्कांचा फोन,
माल यंदाही त्यांचाच:
“बाकी हाय ते कळलं गं पोरी. पण किती वाजता?”

पूर्ण वही चाळली मी.
हे कुठल्याच रकान्यात नाही,
कुठलंच फंक्शन हे काढून देणार नाही.
ऊठ. खुर्ची राहू दे तशीच.
खाली जाऊन अण्णांना विचारून ये,
आणि जे सांगतील ते
नव्या ओळीवर लिही.